जोडव्याखालचं बोट

धायरीच्या शिबिरात माझ्या आईचा पाय पहिला आला होता. हे वाक्य अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. घरी आल्या आल्या ते आळीभर सांगत सुटले, की हिनं जन्मात पाटीला हात लावला नाय, पण पायानं नंबर काढला. लोक हसले. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मी हसले नाही, कारण डॉक्टर काय म्हणाला ते मी शेजारी उभं राहून ऐकलं होतं. पण आमच्या घरात मुलीचं ऐकायची पद्धत नाही, आणि लग्न होऊन मांजरी गावी गेलेल्या मुलीचं तर नाहीच नाही.

शिबिर देवळामागच्या सभागृहात होतं. गाव महापालिकेत गेल्यापासून तिथं काही ना काही तपासणी चालूच असते, कधी डोळे, कधी दात. या वेळी पाय होते. ज्यांना साखर आहे त्यांच्या पायांत रक्त नीट पोचतंय का, ते बघणार होते. आईला साखर माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. त्यात नख कापताना तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लागलं होतं आणि ती जखम काही केल्या भरत नव्हती. म्हणून मी शाळेत रजा टाकून, बस बदलत बदलत शहराच्या या टोकापासून त्या टोकाला आले होते. मी गणित शिकवते. रजा मागितली की मुख्याध्यापिका असा चेहरा करतात, की आपणच कुणाचा तरी पाय कापून आलोय असं वाटावं.

आईनं तयारी केली ती पाहुणे यायचे असल्यासारखी. टाचा वज्रीनं घासल्या, पायांना खोबरेल चोळलं, ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसली. परका माणूस पायाला हात लावणार, म्हणजे पाय स्वच्छ हवेत, एवढंच तिच्या डोक्यात. डॉक्टर अगदी कोवळा मुलगा होता. तो खाली बुटक्या स्टुलावर बसून तिच्या पायांशी वाकला, तशी तिनं पाय मागं ओढले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे बाळा, सुखी ऱ्हा."

"आजी, मी पाया नाही पडत, पाय बघतोय," तो म्हणाला. रांगेतले सगळे खो खो हसले.

यंत्र म्हणजे हातात मावेल एवढी डबी आणि तिला वायरनं जोडलेली पेनासारखी दांडी. त्वचेवर गार जेल लावायचं, त्यावर दांडी टेकवायची, की आतल्या रक्ताचा आवाज डबीतून बाहेर यायचा. सप, सप, सप. ओला कपडा झटकावा तसा. आधी दंडाला पट्टा बांधून दाब मोजला, मग तसाच घोट्याला. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भागायचं. उत्तर एकच्या आसपास आलं तर बरं, बरंच कमी आलं तर पायाला रक्त कमी पडतंय. गणित एवढंच. आईचं उत्तर दीडच्याही पुढं गेलं.

डॉक्टरनं पट्टा पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं. "आजींचा आकडा जास्तच चांगला आलाय," तो म्हणाला, आणि तिथंच घोळ झाला. 'चांगला' हा शब्द सभागृहात सगळ्यांनी ऐकला. पुढचं कुणी ऐकलं नाही. पुढं तो सांगत होता, की इतका जास्त आकडा खरा नसतो. वर्षानुवर्षं साखर असली की रक्तवाहिन्या कडक होतात. नवा रबरी पाइप बोटानं दाबला तर दबतो, उन्हात वाळून कडक झालेला दबत नाही. तसा हा पट्टा ती नस दाबूच शकत नाहीये, म्हणून दाब भरपूर दिसतोय. आत रक्त किती वाहतंय ते यावरून कळणार नाही. त्यासाठी पायाच्या बोटाला छोटा पट्टा लावून मोजायला हवं. अंगठ्याला जखम आहे, तर शेजारच्या बोटाला लावू.

"त्यातली जोडवी काढा," तो म्हणाला.

आईच्या बोटात वेढ्यांची जाड चांदीची जोडवी होती. तिच्या लग्नातली. इतक्या वर्षांत बोट सुजून दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं आणि जोडवं मधे रुतून बसलं होतं. तिनं पाय नेसत्याखाली घेतला.

"ती न्हाय काढायची."

"दोन मिनिटांसाठी, आजी. लगेच घालू परत."

"आरं ह्ये बसल्यात की समोर," ती अण्णांकडं बोट दाखवून म्हणाली, "जित्ता माणूस समोर बसलेला आन् जोडवी काढू व्हय?"

पुन्हा हशा. मागं मोठी रांग होती. डॉक्टरनं माझ्याकडं बघून सांगितलं, की यांना आठवड्याभरात सिंहगड रोडच्या दवाखान्यात आणा, विसरू नका. मी मान हलवली. आई तोवर चपला घालून बायकांना सांगायला लागली होती, की मशीननं पाय एकदम चांगला हाय म्हणून सांगितलंय.

त्या मशीनचा मला तेव्हापासून जो राग आला, तो अजून गेलेला नाही. मशीन आलं नसतं तर निदान तिला भीती तरी राहिली असती. आता तिच्या हातात दाखला होता. मी फोन करून दवाखान्याचं काढलं की ती म्हणायची, "मशीनला कळतंय का तुला कळतंय?" जखमेवर हळद, तेल, कुणी सांगितलेला पाला. अंगठा आधी लाल होता, मग जांभळा झाला. पाय आडवा ठेवला की कळा यायच्या, म्हणून ती दिवसभर खुर्चीत पाय खाली सोडून बसायला लागली, आणि झोपायचीही तशीच बसल्या बसल्या. अण्णा म्हणायचे, महाराणी सिंहासनावरून उतरत नाहीत. नंतर नंतर त्यांनी ते म्हणायचं सोडलं.

एका रविवारी मी साबण, दोरा आणि खोबरेल घेऊन तिच्या समोर जमिनीवर बसले. अडकलेली अंगठी दोरा गुंडाळून काढतात तसं जोडवं काढायचा माझा विचार होता. मी बोटाला हात लावला मात्र, तिनं दुसऱ्या पायानं मला ढकललं. माझी आई, जिनं मला कधी चापट मारली नव्हती.

"आगं, तुला बाप नको झालाय का?" ती ओरडली.

मीही ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. अडाणी हा शब्द त्यात बऱ्याचदा होता. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता तिनं मला जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं.

ती लहान असताना तिच्या आईच्या पायात खुरपताना काटा मोडला होता. बोट सुजलं, म्हणून जोडवी काढून फळीवर ठेवली. चार दिवसांनी घालीन म्हणाली. त्याच महिन्यात तिचे वडील तापानं गेले. बायका ओट्यावर बसून जे बोलल्या ते तिनं दाराआडून ऐकलं. आधीच काढून ठेवली होती म्हणे, वाटच बघत होती. तिच्या आईनं ती जोडवी पुन्हा कधी घातली नाहीत, कारण आता घालायचं कारणच उरलं नव्हतं. "माजी आई त्येच म्हणत मेली," आई म्हणाली, "की म्या घालवला त्येला." शिवाय अण्णांना मागं एकदा छातीत कळ येऊन दवाखान्यात ठेवलं होतं. तेव्हा ते परत आले ते कुणामुळं आले, याबद्दल तिच्या मनात काडीचा संशय नव्हता.

ताप कशानं येतो ते मी तिला सांगितलं, वर्गात गणित समजावते तसं. ती ऐकत होती, मानही हलवत होती. पाय मात्र तिनं नेसत्याच्या आत घेतलेला होता.

अण्णांनी वेगळा मार्ग काढला. ते म्हणाले, मी नवरा आहे, मी सांगतो, काढ. आई म्हणाली, तुमचं ऐकून मी शेत विकू दिलं, आता हे नाही ऐकायची. अण्णा म्हणाले, तू नाही काढलीस तर मी जेवणार नाही. एक दिवस जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनंही ताट बाजूला सारलं. साखरेच्या गोळ्या खाऊन उपाशी राहिलेली बायको घेरी येऊन पडली, तेव्हा अण्णांनीच धावत जाऊन तिला चहा पाजला. तो मार्ग तिथंच संपला.

अंगठ्याचं टोक काळं पडलं तेव्हा मी विचारणं बंद केलं. रिक्षा बोलावली आणि अण्णांच्या मदतीनं तिला उचलून आत बसवलं. तीही फार विरोध करायच्या अवस्थेत नव्हती. मात्र रिक्षात तिनं माझ्याकडून शपथ घेतली, जोडव्याला कुणी हात लावणार नाही म्हणून. मी शपथ घेतली. मला ती मोडायचीच होती.

दवाखान्यात तोच कोवळा डॉक्टर होता. त्यानं पायावरचं फडकं काढून बघितलं. मग मला बाहेर नेऊन म्हणाला, की बोटातला दाब कळला तर मोठ्या डॉक्टरांना ठरवता येईल, नस उघडून पाय वाचतो का ते बघता येईल. वेळ फार थोडा आहे. मी त्याला जोडव्यांचं सगळं सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "त्यांना आवाज ऐकवू. स्वतःच्या कानांनी ऐकलं तर कदाचित पटेल."

कल्पना चांगली होती. आजही मला ती चांगलीच वाटते. त्यानं अण्णांना आईशेजारी बसवलं, त्यांचा पायजमा वर सारला, पावलावर जेल लावून दांडी टेकवली आणि डबीचा आवाज मोठा केला. सप, सप, सप. आयुष्यभर चिखलात उभ्या राहिलेल्या पायाचा दणकट, एकसारखा आवाज. अख्खी खोली त्यानं भरली.

"हे आजोबांचं रक्त," डॉक्टर म्हणाला. "आता तुमचं ऐका."

त्यानं दांडी आईच्या डाव्या पावलावर टेकवली. नुसती खरखर. त्यानं दांडी इकडं सरकवली, तिकडं सरकवली, जोडव्याच्या अगदी जवळ नेली. रेडिओचं केंद्र लागत नसलं की येते तशी खरखर, तिच्यात काहीच नाही. मी मनात म्हणत होते, एक तरी ठोका येऊ दे. अण्णा खाली बघत होते.

"ऐकलंत ना, आजी?" डॉक्टरनं हळूच विचारलं.

आईचा चेहरा उजळला होता. किती दिवसांनी मी तिला तशी बघत होते.

"ऐकलं की," ती म्हणाली. "ह्यांचं कसं ठणठणीत वाजतंय! आन् तू म्हनतोस जोडवी काढा."

डॉक्टरला काही कळलं नाही. मला कळलं. आम्ही तिला पुरावा दिला होता. तिचा पाय मुका झाला होता आणि नवऱ्याचा वाजत होता, याहून सरळ हिशेब तिच्यासाठी दुसरा कुठला असणार? तिनं दिलं ते पोचलं होतं. अण्णा उठले, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी भिंतीवर मूठ आपटली. "मला इचारलं व्हतं का कुणी?" ते ओरडले. "मी मागितला व्हता का तुजा पाय?" बाहेरचे पेशंट दारात येऊन बघायला लागले. आई शांतपणे म्हणाली, "आवो, वरडू नका, छातीत दुखंल."

मी शपथ मोडली. डॉक्टरला म्हणाले, जोडवं कापा, मी तिचे हात धरते. त्यानं मान हलवली. शुद्धीतल्या माणसावर त्याच्या मनाविरुद्ध हत्यार चालवता येत नाही, म्हणाला. कायदा त्याच्या बाजूनं होता आणि आई कायद्याच्या बाजूनं. जोडवं तसंच ठेवून तिला मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथल्या मोठ्या यंत्रांवर नसा बघेपर्यंत विष घोट्याच्या वर चढलं होतं. मग कुणी बोटाचा दाब विचारला नाही. गुडघ्याखाली पाय काढायचा, नाहीतर माणूस जाईल, असं सांगितलं. त्याला मात्र तिनं लगेच होकार दिला. फक्त एवढंच विचारलं, की जोडवं आधी काढणार का? शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या नर्सनं बोट बघितलं आणि म्हणाली, मांसात रुतलंय, तो भाग जाणारच आहे, राहू द्या.

शुद्धीवर आल्यावर आईनं चादरीखाली चाचपून बघितलं. जिथं पाय संपत होता तिथं हात थांबला. मी वाट बघत होते, आता हंबरडा फोडेल. मला तो हवा होता. निदान मलाही तिच्याबरोबर रडता आलं असतं.

"जोडवं कुनी काढलं न्हाय ना?" तिनं विचारलं. "पायासंगट गेलं ना?"

"गेलं."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "पाय माजा सवाष्ण गेला."

अण्णा पलंगाच्या पायथ्याशी होते. त्यांनी ते ऐकलं. ते खोलीबाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मी गेले तर जिन्याच्या पायरीवर बसून दोन्ही हातांनी आपला डावा पाय चोळत होते. त्या क्षणी मला आईचा इतका राग आला होता, की ती मेली असती तरी एवढं वाटलं नसतं. आणि त्याच क्षणी मला हेही दिसत होतं, की माझ्यासाठी कुणी पायाचं नखसुद्धा देणार नाही.

घरी आणल्यावर काही आठवड्यांनी तो कोवळा डॉक्टर स्वतःहून धायरीला आला. खांद्याच्या पिशवीत तेच यंत्र होतं. एक पाय गेला की दुसऱ्याचा भरवसा नसतो, म्हणाला. उजव्या टाचेला मला आधीच एक चीर दिसली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायचं धैर्य नव्हतं. त्यानं घोट्याला पट्टा बांधला, आकडा पुन्हा तसाच नको तितका मोठा आला. पुन्हा त्याची नजर बोटांकडं गेली. उजव्या पायातलं जोडवं एवढं रुतलेलं नव्हतं, पण ते होतं. आईनं सवयीनं पाय आत घ्यायला बघितलं, पण दुसऱ्या पायाचा टेकू नसल्यामुळं तिला तो नीट आत घेता आला नाही.

अण्णा खाली बसले. सरळ जमिनीवर, तिच्या खुर्चीपुढं. त्यांनी तिचं पाऊल उचलून मांडीवर घेतलं. आमच्याकडं नवरा बायकोच्या पायाला हात लावत नाही, म्हणून आई घाबरून म्हणाली, "आवो, काय करताय ह्ये, पाप लागंल मला." मी आणलेलं तेल त्या रविवारपासून खिडकीत पडलेलं होतं, त्यातलं अण्णांनी बोटाला लावलं आणि जोडवं हळूहळू फिरवायला लागले. त्यांची बोटं जाडजूड. आईनं खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मला वाटलं, आत्ता लाथ मारेल. मारायला तिच्याकडं दुसरा पाय उरला नव्हता. ती नुसती अण्णांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

"दमानं," एवढंच ती म्हणाली.

जोडवं सांध्यावरून सरकायला लागलं, तशी ती एकदम पुढं वाकली आणि तिनं अण्णांचं मनगट पकडलं. नाडी बघतात तिथं. जोडवं निघालं. डॉक्टरनं घाईघाईनं छोटा पट्टा चढवला, जेल लावलं, दांडी टेकवली. आधी खरखर आली. मग तिच्यातून, अगदी बारीक, दूर कुणीतरी कपडे धूत असल्यासारखा आवाज आला.

"आहे," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "आजी, आहे! कमी आहे, पण आहे. हा पाय वाचवता येईल. ऐकताय ना?"

आई ऐकत नव्हती. तिनं डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते. ती अण्णांच्या मनगटातले ठोके मोजत होती.